बेकारीचे आठ थांबे

रत्नमाला कंडक्टर आयुष्यात एकच खोटं बोलली. एकच म्हणजे मोठं असं एकच. 'मागं सगळी गाडी रिकामी आहे, चला मागं' हे ती दिवसातून चाळीस वेळा म्हणते, पण एसटीच्या नोकरीत ते खोट्यात धरत नाहीत. मोठं खोटं चार शब्दांचं होतं: घरच्यांनी शिकू दिलं नाही. विसाव्या वर्षी ती ते बोलली आणि पुढं अठरा वर्षं बोलतच राहिली.

खरं काय घडलं ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं. उगीच शेवटपर्यंत ताणायला ही काही टीव्हीवरची मालिका नाही.

रत्नमाला कन्नड तालुक्यातल्या पिशोरची. बाप कडुबा गवंडीकाम करायचा, गावातल्या बुद्धविहाराच्या कमिटीत होता आणि भेटेल त्या पोराला 'शाळेत जातो का रे?' विचारून वैताग आणायचा. पोरगी शाळेत पहिली यायची. बारावी झाली तशी त्यानं तिला शहरात कॉलेजात घातलं, वसतिगृहात ठेवलं. दर महिन्याला ज्वारीचं पीठ घेऊन स्वतः यायचा आणि वॉर्डनबाईंना विचारायचा, "पोरगी वाचती ना?" पोरगी वाचत होती. तरी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्रात शंभरपैकी एकोणीस मार्क पडले. जन्मभर जिनं 'नापास' हा शब्द फक्त दुसऱ्यांसाठी वापरला, तिला तो स्वतःच्या नावापुढं बघून घामच फुटला. त्याच महिन्यात एसटीत महिला कंडक्टरांची भरती निघाली. बाईनं गुपचूप अर्ज भरला, निवड झाली, सामान बांधलं. मैत्रिणींना रडवेलं तोंड करून सांगितलं, "काय करू गं, घरच्यांनी शिकू दिलं नाही." घरी जाऊन हसऱ्या तोंडानं सांगितलं, "बापू, सरकारी नोकरी लागली!" एका दगडात दोन पक्षी. लागला मात्र तो दगड तिसऱ्यालाच.

कडुबा तेव्हा एवढंच म्हणाला, "नोकरी कर, पण शीक. बाहेरून परीक्षेला बस." तीन वर्षं तो हे म्हणत राहिला. मग म्हणायचा थांबला.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रत्नमाला अडतीस वर्षांची, नवरा राजकुमार वाळूजला कंपनीत, पोरगी मेघा अकरावीला, आणि बाई स्वतः संभाजीनगर-पिशोर गाडीवर खाकी घालून उभी. त्या गाडीला कन्नडपर्यंत रोज तनुजा असायची. तनुजा म्हणजे कॉलेजातली तिच्याच बाकावरची मैत्रीण, आता कन्नडला प्राध्यापक. ती रत्नमालाच्याच वह्या उतरवून पास झालेली, हे रत्नमाला कुणाला सांगत नसे, पण तिचा पास तपासताना मनात दर वेळी म्हणून घ्यायची. त्या दिवशी गाडी भरलेली, आणि तनुजा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रत्ने, तू आमच्यात सगळ्यात हुशार होतीस गं. तुझ्या वडिलांनी तेवढं शिकू दिलं असतं ना, तर आज कुठल्या कुठं असतीस."

'होतीस' ऐकून रत्नमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंत बाईला होतीस म्हणतात? पण खरा घाव पुढंच होता. मागच्या सीटवरचा पिशोरचा एक म्हातारा मान हलवत म्हणाला, "व्हय ना मॅडम. त्यो कडुबा तसलाच माणूस. भाषणं लोकाला आन पोरीला तिकिटाची पेटी."

सुट्ट्या पैशांवरून अख्ख्या गाडीशी भांडणारी बाई त्या दिवशी खिडकीबाहेर बघत बसली.

पिशोरला गाडी अर्धा तास थांबायची. ती तडक घरी गेली. कडुबा बाहेर लिंबाखाली पाठमोरा बसला होता. शहात्तर वय, कान पार गेलेले, त्यामुळं लेक आलेली त्याला कळलंच नाही. चुलीपुढं माय होती, मुक्ताबाई. रत्नमालानं तिला गाडीतलं बोलणं सांगितलं.

"तुला आत्ता कळलं व्हय?" मुक्ताबाई म्हणाली. "धा वर्षं झाली की, विहाराच्या कमिटीतून काढलं त्याहीला. कमिटीतला पुंजाराम भर बैठकीत उभा राहिला आन म्हणला, ज्यानं सोताच्या पोरीची शाळा तोडली, त्यानं दुसऱ्याच्या पोराला शिका म्हणू नये. हे उठले आन घरी आले. आपल्या वस्तीत याच्याहून मोठी शिवी हाय का दुसरी?"

"मग खरं कामून नाय सांगितलं?"

"मी पण तेच म्हणलं. तर म्हणे, काय सांगू? पोरगी नापास झाली म्हणून पळाली, असं? राहू दे म्हणे."

रत्नमालानं हातातला चहा खाली ठेवला. "नापास झाले ते बापूला ठावं होतं?"

"कालिजात जाऊन बोर्डावर बघून आलते की. तू एकलीच हुशार हायेस व्हय घरात?"

आता खरं म्हणजे उठायचं, लिंबाखाली जायचं, बापाचे पाय धरायचे आणि विहारात जाऊन दवंडी पिटायची, इतकं सोपं काम होतं. पण बाईनं काय काढलं? म्हणाली, "माय, मी आधी पदवी घेते. मग विहारात उभं राहून सगळ्यांना सांगते."

"पदवीचा आन खरं बोलायचा काय संबंध गं? अन् तवर ते राहतील का?"

तेवढ्यात स्टँडवरून ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि बाईची सुटका झाली. धीटपणा सगळा गाडीच्या दारापुरता, दुसरं काय.

पण शब्द तोंडातून गेला होता. तनुजाकडूनच तिनं माहिती काढली की मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात रविवारी वर्ग भरतात. पहिलं वर्ष पास झाल्याचा जुना कागद शोधला, दुसऱ्या वर्षाला नाव घातलं. पहिल्या रविवारी वर्गात गेली तर एक हवालदार, दोन अंगणवाडीच्या बाया, एक उपसरपंच आणि घोरणारा एक गृहस्थ. सरांनी हजेरी घेतली तेव्हा रत्नमालाच्या तोंडून 'हजर सर' ऐवजी 'आलं, आलं, जाऊ द्या' असं निघालं.

मग सुरू झाला अभ्यास. अभ्यास कसला, अभ्यासाची सजावट. मेघानं आईसाठी पाच रंगांचं वेळापत्रक करून भिंतीला लावलं: चार ते सहा अर्थशास्त्र, सहा ते सात मराठी. रत्नमालानं शहागंजातून नवी बॅग आणली, तीन जाड वह्या आणल्या, पिवळ्या शाईचे हायलायटर आणले. महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करायच्या म्हणे. आता तिला सगळंच महत्त्वाचं वाटायचं. महिनाभरात पुस्तकाला अथपासून इतिपर्यंत हळद लागली. पहाटे चारला उठून ती पुस्तक उघडायची आणि पहिल्या पानावर गाल टेकून सहापर्यंत शांत झोपायची. संध्याकाळी मोबाईलवर एका सरांचे व्हिडिओ बघायची आणि 'कित्ती छान सांगतात' म्हणायची. कित्ती छान सांगतात हे कळायचं, काय सांगतात ते सकाळी आठवायचं नाही. घरच्यांनी मात्र हद्द केली. राजकुमार रोज खिचडी टाकायला शिकला आणि परीक्षा होईस्तोवर घरात टीव्ही लागला नाही.

निकाल लागला. बाकी विषय कसेबसे निघाले. अर्थशास्त्रात सत्तावीस.

अठरा वर्षांत आठ मार्क वाढले, असं राजकुमार म्हणाला आणि लगेच अंघोळीला निघून गेला. त्याला वाटलं, हसेल. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी डेपोत सगळ्यांनी विचारलं, काय झालं गं पेपरचं? आणि रत्नमालाच्या जिभेला सवयीची वाट लगेच सापडली. "काय होणार? घरच्यांमुळं अभ्यासच होत नाही."

मेघा क्लासला जाताना आईचा विसरलेला डबा द्यायला तिथं आली होती. तिनं ऐकलं. डबा टेबलावर ठेवला आणि हळूच विचारलं, "आई, कोणत्या घरच्यांमुळं?"

बस्स. एवढंच विचारलं पोरीनं. पण रत्नमालाच्या कानाखाली कुणी तरी सणसणीत ठेवून दिली असती, तरी इतकी लागली नसती. एक बाप पुरला नाही म्हणून आता नवरा आणि पोरगीही तिनं त्याच खड्ड्यात ढकलायला काढली होती! त्या दिवशी ड्युटीवर तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की दाराशी लोंबकळणाऱ्या कॉलेजच्या पोरांनासुद्धा ती रागावली नाही.

वेळापत्रक तिनं भिंतीवरून काढलं. हायलायटर मेघाला दिले. आणि पहिल्यांदाच डोकं चालवलं. आपल्याला पाठ होत नाही म्हणतो, पण इतकी वर्षं ह्या रस्त्यावरचा एक थांबा तरी विसरलोय का? झोपेतून उठवलं तरी सांगू: मिटमिटा, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, गल्लेबोरगाव, टापरगाव, हतनूर, कन्नड. आठ. आणि पुस्तकात बेकारीचे प्रकार किती? आठ! सत्तावीस मार्क पडलेल्या पेपरात ह्याच प्रश्नावर ती कोरं पान देऊन आली होती.

मग तिनं एकेका थांब्यावर एकेक बेकारी उतरवली. मिटमिट्याला उघड बेकारी. दौलताबादला हंगामी, कारण तिथं पेरू-सीताफळाच्या दिवसांत हात रिकामा नसतो आणि बाकीचे महिने माशा मारायच्या. खुलताबादला सुशिक्षित, कारण एम. ए. बी. एड. झालेला एक पोरगा फाईल घेऊन तिथं दर सोमवारी चढायचा. वेरूळला घर्षणात्मक, म्हणजे एक काम सोडलं आणि दुसऱ्याची वाट बघतोय. गल्लेबोरगावला छुपी. टापरगावला तांत्रिक, तिथं हार्वेस्टर आला आणि सोंगणीचे हात घरी बसले. हतनूरला चक्रीय, मंदी आली की येणारी. आणि 'संरचनात्मक' हा लांबलचक शब्द कन्नडला, कारण तिथं गाडी जास्त वेळ थांबते.

दुसरी गोष्ट अशी, की कंडक्टर थांबा आल्यावर ओरडत नाही, येण्याआधी ओरडतो. तसंच तिनं धरलं. थांबा यायच्या आधी मुद्दा मनातून काढायचा, तोंडानं म्हणायचा, आणि मगच खिशातली छोटी वही उघडून बघायची. चुकला तर येतानाच्या फेरीत पुन्हा. दोन तासांचं नाव काढायचं नाही, एक टप्पा म्हणजे एक मुद्दा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा घरात ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारत ती 'वेरूळ, वेरूळ' पुटपुटायची. राजकुमार म्हणायचा, "उतरू का?"

गाडीत हे पुटपुटणं सगळ्यात आधी पकडलं केसरबाईनं. केसरबाई गल्लेबोरगावची, रोज भाजी घेऊन शहागंजात बसायची, दुपारी रिकामी पाटी घेऊन परत. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण पंधरा दिवसांत तिला गल्लेबोरगावापर्यंतच्या पाचही बेकाऱ्या पाठ झाल्या. "अवं कंडक्टरीणबाई, दौलताबाद गेलं की! हंगामी उतरवली नाय तुम्ही," असं ती मागून ओरडायची आणि गाडी हसायची.

एक दिवस मात्र केसरबाई बिथरली. "आमच्या गावालाच छुपी कामून?"

"तुमचेच चार पोरं हायेत ना मावशी एका विहिरीवर? म्हणून."

"आन ते काय छुपे हायेत? लपून बसत्यात व्हय? पारावर उघड बसत्यात, सगळ्या गावाला दिसत्यात! त्याहीला मिटमिट्याला टाका, उघडमधी!"

गाडीत हशा पिकला. उत्तर रत्नमालाला येत नव्हतं. पाठ होतं, येत नव्हतं. तिनं विचार केला आणि म्हणाली, "मावशी, असं बघा. चौघंही वावरात जात्यात का?"

"जात्यात की. सकाळी जात्यात."

"त्यातले दोघं उद्या कंपनीत गेले, तर पीक कमी होईल का?"

केसरबाईनं हिशेब केला. "कमी कशानं होईल? उलट भांडणं कमी होतील."

"मग ते दोघं कामावर हायेत असं नुसतं दिसतंय. काम त्यांना नायच. बेकारी त्यांची छुपी, पोरं नाय."

केसरबाई हतनूर येईपर्यंत गप्प बसली. उतरायचं गल्लेबोरगावला, ते विचारात मागंच राहिलं. मग जी बोंब मारली ती काय सांगावी! पण त्या दिवसापासून रत्नमालानं नियम केला, की कोणताही मुद्दा केसरबाईला पटला नाही तोवर तो झाला असं म्हणायचं नाही. तनुजानं एकदा स्वतःच्या नोट्स देऊ केल्या. रत्नमाला म्हणाली, "असू दे गं, माझी मॅडम मागच्या सीटवर बसती."

परीक्षेला प्रश्न आला. बेकारी म्हणजे काय ते सांगून तिचे प्रकार उदाहरणांसह स्पष्ट करा. रत्नमालानं पेन उघडलं आणि गाडी सोडली. मिटमिटा, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ धडाधड गेले, गल्लेबोरगावला चार भाऊ आणि एक विहीर आली, आणि पुढं काळाकुट्ट अंधार. सहावा थांबाच आठवेना. हतनूर दिसतंय, मधलं गाव गायब! कॉलेजात असताना असंच झालं होतं, अगदी असंच, आणि तेव्हा ती पेपर देऊन उठली होती. दाराकडं नजर गेलीसुद्धा. मग तिनं डोळे मिटले, गल्लेबोरगावला घंटीची दोरी ओढली आणि रस्त्याला लागली. पूल आला, आणि वर्गात खणखणीत आवाज उठला, "टापरगाव! टापरगाववाले पुढं या!"

सगळा वर्ग वळून बघायला लागला. पर्यवेक्षक धावत आले. "बाई, इथं कुणी उतरणार नाहीये. लिहा."

तिनं लिहिलं. कन्नडपर्यंत लिहिलं.

अर्थशास्त्रात चौसष्ट पडले. तिसऱ्या वर्षाचे पेपरही तिनं ह्याच रस्त्यानं काढले, आणि यंदा निकाल हातात आला तेव्हा ती रीतसर बी. ए. होती. केसरबाईनं गाडीत सगळ्यांना पेरू वाटले आणि सांगितलं, "आम्ही पास झालो."

आता मायला दिलेला शब्द राहिला होता, आणि त्याची भीती पेपरपेक्षा मोठी होती. पिशोरच्या विहारात दर वर्षी पास झालेल्या पोरांचा सत्कार असतो. यंदाच्या यादीत दहावीच्या, बारावीच्या पोरांच्या मधोमध रत्नमालाचं नाव. राजकुमार, मेघा, मुक्ताबाई पुढं बसले. कडुबा पांढरा सदरा घालून सगळ्यात मागं, दाराजवळ बसला. कमिटीतून काढल्यापासून तो तिथंच बसायचा. वंदना झाली, सत्कार सुरू झाले. पुंजाराम माईकवर होता. रत्नमालाच्या हातात फुलं आणि पेन देत तो म्हणाला, "जयभीम! आपल्या वस्तीची ही लेक. जन्मदात्या बापानं शिकू दिलं नाही, पण—"

"माईक द्या इकडं," रत्नमाला म्हणाली.

हातात माईक आला. ज्या आवाजाला कन्नडच्या स्टँडवरची माणसं घाबरायची, तो माईकमधूनही बारीक निघाला. कशीबशी ती म्हणाली, "बापूनं शिकू दिलं होतं. मीच नापास झाले आन पळाले. त्याहींचं नाव मी पुढं केलं." निम्म्यांना ऐकू गेलं, निम्म्यांना नाही. कुजबुज सुरू झाली. मागून कडुबानं शेजारच्याला मोठ्यानं विचारलं, "काय म्हणती?" शेजारी खाली बघायला लागला.

रत्नमाला माईक ठेवून खाली उतरली. माणसांच्या रांगांतून मागं गेली, बापापुढं गुडघ्यावर बसली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, "बापू, तुम्ही मला शिकू दिलं होतं. मी नापास झाले, म्हणून पळाले. अन् लोकांत तुमचं नाव सांगितलं. चुकले मी." आणि बाई ढसाढसा रडायला लागली.

कडुबानं तिच्याकडं बघितलं. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज गवंड्याचा होता. "हे मला कशाला सांगती? मला ठावं हाय. तिकडं तोंड कर."

ती उठली. विहाराकडं तोंड केलं आणि माईकबिईक काही न घेता सगळं पहिल्यापासून सांगितलं. एकोणीस मार्क सांगितले, गुपचूप भरलेला अर्ज सांगितला, मैत्रिणींपुढं काढलेलं रडकं तोंड सांगितलं. बाहेर रस्त्यावरची माणसंसुद्धा थांबून ऐकायला लागली. पुंजारामची मान खाली गेली. तिचं बोलणं संपलं तेव्हा टाळ्या वाजवाव्यात की नाही हेच लोकांना कळेना.

कडुबाला शब्द ऐकू आले नसणार. त्यानं फक्त माणसांचे चेहरे बघितले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, घाई न करता. मग लेकीच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "आणखी एकदा सांग."